लहान दुर्बिणीतून ग्रहदर्शन

नवी दुर्बीण हाती आली की मुले ती बहुधा गुरूकडे रोखतात आणि पुष्कळदा हिरमुसली होतात. पुस्तकातील पट्ट्यापट्ट्यांचा भव्य गोल कोठे आणि हा वाटाण्याएवढा पांढुरका गोळा कोठे! वस्तुतः ७० पटींनी मोठा केलेला गुरू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राहून मोठा असतो. तुलनेला जवळ काहीच नसल्यामुळे ते पटत नाही, इतकेच. डोळ्यालाही शिकवावे लागते. पहिल्या रात्री न दिसलेले दोन करडे पट्टे चौथ्या-पाचव्या रात्री दिसू लागतात.

हे ७० पट येतात कोठून? पुढच्या मोठ्या भिंगाच्या नाभीय अंतराला डोळ्याजवळील भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीस २५ मिलिमीटरचे नेत्रभिंग लावले तर २८ पट, १० मिलिमीटरचे लावले तर ७० पट. खोक्यावर पाचशे पटींचा बडेजाव छापलेला असतो, त्यास भुलू नये. पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे गेल्यास प्रतिमा वाढते, पण अंधूक होते.

ग्रह तेजस्वी असल्यामुळे त्यांना नागझिऱ्याच्या रानातील गडद काळोख लागत नाही. गोंदिया शहरातील अंगणही चालते. लागते ती स्थिर हवा. दिवसभर तापलेली कवेलू आणि सिमेंटची गच्ची रात्री उष्णता सोडतात, आणि त्यांवरून पाहिलेला ग्रह चुलीवरच्या हवेतून पाहावा तसा थरथरतो. त्यापेक्षा धान कापून मोकळी झालेली बांधी बरी. आपला जिल्हा सुमारे २१ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मिथुन राशीतला गुरू जवळजवळ डोक्यावर येतो. तेथे वाटेतील हवेचा थर सर्वांत कमी असतो. मान मात्र अवघडते!

गुरूजवळ एका रेषेत चार ठिपके दिसतात. ते त्याचे उपग्रह होत. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी इटलीतील पादुआ येथून पाहिले, तेव्हा त्यास तीनच दिसले, दोन पूर्वेस व एक पश्चिमेस. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेस होते. ९ तारखेस आभाळ भरून आले. १० तारखेस दोनच उरले होते, आणि चौथा प्रथम दिसला तो १३ तारखेस. त्याची दुर्बीण वीसेक पटींचीच होती. पण त्याने प्रत्येक रात्री ठिपक्यांच्या जागा कागदावर उतरवल्या, आणि सर्व गोल पृथ्वीभोवतीच फिरतात हे जुने मत त्या कागदांनी डळमळले. तुम्हीही वहीत वर्तुळ काढून आठ रात्री ठिपके मांडा. कोणता उपग्रह जलद फिरतो हे पुस्तक न उघडता सांगता येईल.

शुक्राची कोर पाहावयाची ती सूर्य पुरता मावळल्यावरच. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही वळवू नये. क्षणार्धात दृष्टी जाते.

शनीचे कडे २८ पटींत लांबट अंड्यासारखे भासते, ७० पटींत वेगळे दिसते. मार्च २०२५ मध्ये ते आपल्याकडे धारेने वळले होते, म्हणून त्या सुमारास चांगल्या दुर्बिणीतूनही जणू नाहीसेच झाले. आता ते वर्षागणिक उघडत जाऊन सन २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल.