हात लावायचा नाही!

सोळा प्रवासी, एक गाइड आणि किनाऱ्यावर पाऊल टाकण्याआधी नियमांची लांबलचक यादी. गॅलापागोसच्या बेटांमध्ये छोट्या बोटीवर काढलेले आठ दिवस, आणि त्यातली एक दुपार...

'क्रूझला चाललेय,' असं माझ्या मैत्रिणीने ऑफिसात सांगितलं आणि तिच्या क्युबिकलभोवती ही गर्दी जमली. कॅसिनो आहे का गं? डेकवर पूल असेल ना? कॅप्टनबरोबर डिनर, लाँग गाऊन वगैरे? तिने खरं काय ते सांगितल्यावर गर्दी जमली तशीच पांगली. कारण आमच्या बोटीवर कॅसिनो नव्हता, पूल नव्हता, लिफ्टचा तर प्रश्नच नव्हता. केबिन एवढी की एकीने कपडे बदलायला घेतले की दुसरीने मुकाट्याने बंकवर पाय वर घेऊन बसायचं. प्रवासी फक्त १६, आणि त्यातले बहुतेक रिटायर्ड. आम्ही दोघी म्हणजे बोटीवरची शेंडेफळं!

पण हा सगळा खटाटोप (दोन वर्षांचं सेव्हिंग, तिचे दोन बोनस आणि 'दिवाळीत कोण घर सोडून जातं का?' हे आईचं रोजचं पालुपद) बोटीसाठी नव्हताच. तो होता बोट जिथे जाते त्या जागेसाठी. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण हजार किलोमीटरवर, पॅसिफिकमध्ये बरोब्बर विषुववृत्तावर पसरलेली गॅलापागोस बेटं. १८३५ मध्ये 'बीगल' जहाजातून चार्ल्स डार्विन इथे आला, जेमतेम पाच आठवडे राहिला आणि पुढे आयुष्यभर त्यावर विचार करत बसला. शाळेत उत्क्रांतीच्या धड्यात चोचींची चित्रं होती, आठवतात? ते पक्षी इथलेच.

इथे मोठी जहाजं येऊच शकत नाहीत. कुठल्याही टूरिस्ट बोटीवर जास्तीत जास्त १०० प्रवासी, आणि दर १६ जणांमागे नॅशनल पार्कचा परवाना असलेला एक गाइड हवाच. त्याच्याशिवाय बेटावर पाय ठेवायचा नाही. सकाळी सहाच्या आधी जायचं नाही, संध्याकाळी सहानंतर थांबायचं नाही. ठरलेल्या पायवाटेवरून ढळायचं नाही. प्राण्यांपासून दोन मीटर लांब. फ्लॅश नाही, खाणं नाही. शंख-शिंपला तर सोडाच, खिशात वाळूही न्यायची नाही. सामान विमानात चढण्याआधी तपासून सील करतात, कारण एखादं बी किंवा किडा चुकून बेटावर गेला तर काय उलथापालथ होईल सांगता येत नाही. या धास्तीने आम्ही आईने दिलेला चिवडा आणि शंकरपाळी आदल्या रात्री किटोच्या हॉटेलातच संपवून टाकली. रात्री साडेअकराला, पलंगावर मांडी घालून. आमची दिवाळी ती तेवढीच.

पहिल्याच दिवशी सगळे नियम ऐकून मैत्रीण कानात पुटपुटली, "बोर्डिंग स्कूलला आलोय का गं आपण?"

मग आम्ही नॉर्थ सीमोर बेटावर उतरलो आणि तिची बोलती बंद झाली. पायवाटेच्या मधोमध एक निळ्या पायांचा बुबी पक्षी बसला होता. आपण जवळ गेलो की पक्षी उडतो, हे आपल्याला इतकं गृहीत असतं ना... हा उडलाच नाही. मान वाकडी करून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्वतःच्या कामाला लागला. शेवटी आम्हीच त्याला वळसा घातला. पलीकडे फ्रिगेट पक्ष्यांचे नर गळ्याशी लालभडक फुगे फुगवून माद्यांना बोलावत होते. खडकावर समुद्री इग्वाना उन्हं खात पडले होते आणि मधूनच फुर्रर करून नाकातून खारट पाणी उडवत होते. जगातला हा एकमेव सरडा, जो समुद्रात बुडी मारून शेवाळ खातो, आणि पोटात गेलेलं जास्तीचं मीठ असं शिंकरून टाकतो. इथल्या प्राण्यांनी लाखो वर्षं माणूस पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला घाबरायचं असतं हे त्यांना ठाऊकच नाही. तारकर्लीला डॉल्फिन दिसला रे दिसला की सगळ्या बोटी त्याच्या मागे सुसाट सुटतात, ते आठवून मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

बोट रात्री चालते आणि दिवसा नांगर टाकून उभी राहते, त्यामुळे दर सकाळी खिडकीबाहेर नवं बेट. ऐकायला जाम रोमँटिक! प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये इथला समुद्र खवळलेला असतो, आणि तिसऱ्या रात्री एस्पान्योलाकडे जाताना आमच्या दोघींना अशी काही बोट लागली की मी सगळ्या देवांना नवस बोलून झाले. कामी आली ती आईने पर्सच्या कोपऱ्यात कोंबलेली आलेपाकाची वडी. शेजारच्या केबिनमधल्या आजींनाही एक दिली. चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या त्या. त्यांचं नाव नंतर पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून त्यांना नुसतं 'नर्स आजी' म्हणूया.

सकाळी आम्ही एस्पान्योलाच्या पुंता सुआरेझ या टोकावर उतरलो. द्वीपसमूहाच्या दक्षिणेकडचं हे फार जुनं, कोरडं बेट. जगातले जवळपास सगळे वेव्ह्ड अल्बाट्रॉस अंडी घालायला इथेच येतात. पंखांचा पसारा दोन मीटरहून जास्त, आणि उतरताना मात्र पहिल्यांदाच विमान चालवणाऱ्यासारखे धडपडतात. ऑक्टोबरात त्यांची पिल्लं बरीच मोठी झालेली असतात. तपकिरी पिसांचे गबाळे गोळे तासन्‌तास एका जागी बसून असतात. आई किंवा बाप समुद्रावरून माशांचं तेलकट सूप घेऊन येईल, याची वाट बघत.

या बेटावर गोडं पाणी जवळजवळ नाही. तरीही इथे एक मॉकिंगबर्ड राहतो, आणि त्याला बाटली म्हणजे काय हे पक्कं कळलंय. मी बाटलीचं झाकण उघडायचा अवकाश, हा येऊन माझ्या बुटावर उभा! चोच वर करून टकामका बघतोय. मी गाइडकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली. नाही. मी झाकण लावलं. तहानलेल्याला पाणी नाही म्हणायची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ. पण ती रंगीत तालीम होती, हे दुपारी कळलं.

दुपारी गार्डनर बे. पिठासारखी पांढरी वाळू आणि तिच्यावर ठिकठिकाणी लोळत पडलेले सी-लायन. माद्या, पिल्लं, मधूनच भुंकत गस्त घालणारा एखादा दांडगा नर. इथे पायवाटेचं बंधन नाही, किनाऱ्यावर मोकळं फिरता येतं. एक पिल्लू आईला लुचत होतं आणि ती डोळे मिटून पडली होती. मला एकदम आठवलं, आज सोमवार, २८ ऑक्टोबर. बोटीत बसण्याआधी शेवटचा फोन केला तेव्हा आई म्हणाली होती, सोमवारी वसुबारस आहे. गाय-वासराची नाही तरी ही पूजा बरी, म्हणून मी फोटो काढला.

आणि मग ते दुसरं पिल्लू दिसलं.

कातडी सैल, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ते एका मादीपाशी गेलं, हुंगलं, लुचायला गेलं. मादीने दात दाखवून हाकललं. ते दुसरीकडे गेलं. तिने चावा घेतला. मग तिसरीकडे. सी-लायनची आई फक्त स्वतःच्या पिल्लाला पाजते. वासावरून आणि आवाजावरून ओळखते, दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. ते पिल्लू एकसारखं ओरडत होतं. कोकराच्या बें-बें सारखा आवाज, पण घोगरा.

"याची आई कुठंय?" नर्स आजींनी विचारलं.

"समुद्रात मासे पकडत असेल. माद्या कधी कधी दिवसभराहून जास्त बाहेर राहतात," गाइड म्हणाला. "किंवा शार्कने धरली असेल. मला माहीत नाही."

"मग पार्कवाल्यांना बोलवा."

त्याने दुर्बीण काढून पिल्लू नीट निरखलं. गळ, जाळ्याचा दोरा, प्लॅस्टिक, जखम... काही नव्हतं. "माणसामुळे काही झालं असतं तर आत्ता वायरलेसवर कळवलं असतं. तशी माणसं येतात. पण हे नुसतं उपाशी आहे."

'नुसतं' हा शब्द आजींना लागला. त्या काहीच बोलल्या नाहीत, गॉगल लावला आणि पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पिल्लाला मी दिसले. ते फ्लिपर्सवर हेलकावत सरळ माझ्याकडे यायला लागलं. दोन मीटरचा नियम मला माहीत होता, त्याला नव्हता. ते पुढे येत होतं आणि मी मागे सरकत होते. माणसाचा वास अंगाला लागला आणि आई परत आली, तर ती त्याला ओळखायची नाही कदाचित. हे सगळं मला सांगून झालं होतं, पटलंही होतं. तरी माझ्या सँडलपासून वीतभर अंतरावर येऊन त्याने मान वर केली, तेव्हा हात खिशात घालून ठेवावे लागले. खोटं कशाला सांगू?

रात्री जेवणाच्या टेबलावर शांतता होती. मग वाजलं. एक आजोबा म्हणाले, टेबलावर ही माशांची थाळी आहे, यातला एक तुकडा टाकला असता तर काय बिघडलं असतं? कुणीतरी सांगितलं, ते अजून दूधपितं आहे. आजी म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात कुणी 'निसर्गाला त्याचं काम करू द्या' म्हटलं असतं, तर मी त्याला बाहेर काढलं असतं." आश्चर्य म्हणजे माझी मैत्रीण, जी रस्त्यावरचं प्रत्येक मांजर घरी आणते, ती गाइडच्या बाजूने बोलली. "इथे वर्षभर बोटी येतात. प्रत्येक बोटीतल्या सोळा जणांनी आपापलं मन हलकं करून घ्यायचं ठरवलं, तर दहा वर्षांनी हे प्राणी आपल्या हाताकडे बघत बसतील. त्या मॉकिंगबर्डसारखे." बरोबर होतं. पण मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लोरेआना. इथल्या पोस्ट ऑफिस बेमध्ये लाकडी पिंप आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून देवमाशांची शिकार करणारे खलाशी त्यात पत्रं टाकायचे, घराकडे निघालेलं जहाज ती घेऊन जायचं. आजही स्टॅम्प न लावता कार्ड टाकायचं, आणि आपल्या गावाजवळचं एखादं उचलून स्वतः नेऊन द्यायचं. पुण्याचं एकही सापडलं नाही. आईच्या नावाचं टाकून आले, अजून पोचलेलं नाही. याच खलाशांनी जाता जाता इथली राक्षसी कासवं जिवंत उचलून जहाजाच्या तळाशी रचली. अन्नपाण्याशिवाय कित्येक महिने जगतात ना, म्हणजे चालतीबोलती शिदोरीच. या बेटावरचं मूळ कासव एकोणिसाव्या शतकात संपलं.

एस्पान्योलाचं कासवही संपायच्या बेतात होतं. सांताक्रूझ बेटावर डार्विन संशोधन केंद्राजवळ पार्कचं कासव-पैदास केंद्र आहे, तिथे ही गोष्ट ऐकली. १९६३ ते १९७४ या काळात अख्खं बेट धुंडाळून फक्त १४ कासवं मिळाली. १२ माद्या, २ नर. इतक्या विखुरलेल्या की एकमेकांना भेटतही नव्हती. त्यांना उचलून इथे आणलं. अमेरिकेतल्या सॅन दिएगो झूमधून तिसरा नर आला, तो प्रसिद्ध डिएगो. त्याने तर कमालच केली. आज एस्पान्योलावर जी दोन हजारांच्या आसपास कासवं आहेत, त्यातल्या साधारण ४० टक्क्यांचा बाप तो. २०२० च्या जूनमध्ये हे सगळे म्हातारे-म्हाताऱ्या निवृत्त होऊन बेटावर परत गेले. त्याआधी बेटावरची सगळी बोकडं मारून संपवावी लागली, कारण माणसाने आणलेली ही बोकडं कासवांचा चारा फस्त करत होती. इसाबेला बेटाच्या मोहिमेत तर हेलिकॉप्टरमधून नेमबाजांनी हजारो बोकडं मारली.

आता मात्र मला राहवेना. वेळासला कासवाची अंडी उचलून कुंपणात ठेवतात, पिल्लं समुद्रात सोडतात. ते मी पाहिलंय, टाळ्याही वाजवल्यात. मी गाइडला गाठलं. "कासवं उचलली, बोकडं मारली, मग एका पिल्लालाच का हात लावायचा नाही?"

"बोकडं आम्ही आणली होती," तो म्हणाला. "चूक आमची, निस्तरणारही आम्ही. त्या पिल्लाची भूक कुणी आणलेली नाही."

"आणि एल निन्यो?" मी सोडलं नाही. इथलं सगळं जगणं थंड, मासळीने भरलेल्या प्रवाहांवर. एल निन्योत पाणी तापतं आणि मासे जातात. १९८२-८३ आणि १९९७-९८ मध्ये सी-लायनची पिल्लं मोठ्या संख्येने मेली. २०२३-२४ मध्येही तो येऊन गेला होता.

"तो माणसाच्या आधीपासून आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण आता त्यातला त्याचा किती आणि आपला किती, हे मला विचारू नकोस."

शेवटच्या दिवशी विमानतळावर मी त्याला विचारलं, गार्डनर बेला पुन्हा कधी जाणार? लगेच नाही, म्हणाला. २०१२ पासून नियम आहे, एकच बोट १४ दिवसांच्या आत त्याच जागी परत येऊ शकत नाही. जागेला उसंत मिळावी म्हणून.

"मग गेलास की बघशील?"

"बघेन. पण ओळखणार कसं?"

मी कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. त्याने मोठा करून पाहिला, मीही पाहिला. मागे वाळूवर आणखी सात-आठ पिल्लं पसरलेली. सगळी डिट्टो तशीच.

जायचं ठरवलंत तर : किटो किंवा ग्वायाकिलहून बाल्ट्रा किंवा सान क्रिस्तोबलला विमान आहे. ऑगस्ट २०२४ पासून आपल्यासारख्या परदेशी प्रवाशांची पार्क-फी शंभराची दोनशे डॉलर झाली, आम्ही नेमके त्यानंतर पोचलो! रोख ठेवा, इक्वेडोरमध्ये चलन अमेरिकन डॉलरच आहे. व्हिसाचे नियम तिकीट काढायच्या आधी तपासा. जून ते नोव्हेंबर पाणी थंड, स्नॉर्केलिंगला वेटसूट हवाच. डिसेंबर ते मे समुद्र शांत आणि ऊबदार, पण जानेवारी ते मार्च अल्बाट्रॉस भेटणार नाहीत. बजेट कमी असेल तर सांताक्रूझच्या पुएर्तो आयोरा गावात राहून रोजच्या बोटीने जवळची बेटं करता येतात. लांबची हुकतात. आणि आलेपाक विसरू नका.