न पुसणारी रांगोळी

दिवाळीत अंगणात रांगोळी काढता ना? तासभर खपून मोर काढावा, आणि एखादं वासरू त्यावरून जावं! पण कायमची टिकणारी रांगोळीही असते बरं का. फक्त ती काचेची असते आणि भट्टीत भाजावी लागते.

तांब्याचा पत्रा स्वच्छ घासायचा. त्यावर रंगीत काचेची पूड चाळणीने पसरायची आणि काडीने रेघा ओढून चित्र काढायचं. मोराची मान वाकडी झाली? पूड झटका, पुन्हा पसरा! मग पत्रा भट्टीत. यवतमाळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की आपला जीव कासावीस होतो. या भट्टीत असतात सुमारे ८०० अंश! दोन-चार मिनिटांत पूड वितळून तांब्याला घट्ट धरते. आता मात्र चूक खोडता येत नाही.

धातूवर काच भाजण्याच्या कलेला मीनाकारी म्हणतात. जयपूरचे कारागीर सोन्यावर नक्षी कोरून तिच्यात रंग भरतात. कोबाल्टमुळे निळा रंग येतो, तांब्यामुळे हिरवा.

आजीकडे जुना इनॅमलचा मग आहे? टवका उडालेल्या जागी काळं लोखंड दिसेल. वरचा पांढरा थर म्हणजे काचच!

घरी काच मात्र कुटू नका हं. तिची पूड श्वासावाटे छातीत जाते. त्याऐवजी थाळीत रांगोळी पसरा, काडीने मोर काढा आणि स्वतःला विचारा, ‘हा भट्टीत घालू का?’