टोलेडोचा निळ्या मोज्यांचा संघ



बेसबॉलचा सामना प्रत्यक्ष पाहिलेली मंडळी या सभागृहात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. तेव्हा अमेरिकेतील एका मध्यम शहराच्या बेसबॉल संघाची, आणि तीही जेमतेम तीन हंगाम टिकलेल्या संघाची, हकीकत आज कशाला, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच की, समाजात भेदाची भिंत उभी असली म्हणजे ती पूर्वापार तिथेच आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. टोलेडोच्या संघाचा इतिहास पाहिला की त्या भिंतीच्या विटा कोणी, केव्हा आणि कोणत्या हिशेबाने रचल्या, हे जवळजवळ तारीखवार दिसते.

टोलेडो हे ओहायो राज्यातले, ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला, मॉमी नदीच्या काठचे शहर. १८८३ साली तेथे एक व्यावसायिक संघ उभा राहिला. नाव ‘ब्लू स्टॉकिंग्ज’, म्हणजे निळे मोजे. आपल्याकडे संघाला जिमखान्याचे नाहीतर तालमीचे नाव मिळते. तिकडे त्या काळी ते खेळाडूंच्या गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांच्या रंगावरून पडे. सिनसिनाटीचे तांबडे, शिकागोचे पांढरे, तसे टोलेडोचे निळे.

हा संघ ‘नॉर्थवेस्टर्न लीग’मध्ये खेळे. त्या वेळी नॅशनल लीग आणि अमेरिकन असोसिएशन या दोन थोर संघटना होत्या. १८८३ साली या दोघींनी नॉर्थवेस्टर्न लीगला बरोबर घेऊन एक त्रिपक्षीय करार केला : एकमेकांचे करारबद्ध खेळाडू कोणी पळवायचे नाहीत. धाकट्या लीगांना थोरल्यांच्या व्यवस्थेत मान्यतेची जागा मिळाली ती येथून. ‘मायनर लीग’ म्हणजे पोरासोरांचा खेळ, असा समज मात्र करून घेऊ नये. खेळाडू पगारी होते, तिकिटे विकली जात होती आणि दाराशी जमलेल्या पैशावर संघांचे जगणे-मरणे अवलंबून होते. हा दाराशी जमलेला पैसा लक्षात ठेवावा. पुढे तोच बोलणार आहे.

हंगामाच्या तोंडावर, मार्च महिन्यात लीगची बैठक भरली. तीत पिओरिया गावच्या प्रतिनिधीने ठराव आणला की, लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव करावा. रोख एकाच माणसावर होता. टोलेडोने मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा खेळाडू घेतला होता. बरीच वादावादी झाली आणि ठराव बारगळला. यादवी युद्ध संपून आणि घटनेने गुलामगिरी नष्ट करून त्या वेळी अठरा वर्षे झाली होती. याच मुक्तीच्या कार्याबद्दल जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या सज्जनांच्या देशात दहा वर्षांनी एका माणसाने चेंडू झेलावा की नाही यावर मतभेद व्हावेत! पण त्या दिवशी तरी निकाल न्यायाच्या बाजूने लागला, हेही तितकेच खरे.

वॉकरचा जन्म १८५६ चा, ओहायोतलाच. ओबर्लिन महाविद्यालयात तो शिकला, नंतर मिशिगन विद्यापीठात गेला आणि दोन्हीकडून बेसबॉल खेळला. संघात त्याची जागा कॅचरची. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाशी त्याची तुलना करता येईल. मात्र येथे चेंडू टप्पा न पडता थेट येतो, आणि त्या काळी तो अवघ्या ५० फुटांवरून फेकला जाई. आजच्यासारखा गादीदार हातमोजा नव्हता. पातळ चामड्याचा मोजा, नाहीतर उघडा तळवा. बोटे मोडणे हा कॅचरच्या धंद्याचाच एक भाग होता, आणि वॉकरच्या हातांनी तो पुरेपूर भोगला.

१० ऑगस्ट १८८३ रोजी शिकागोचा पांढऱ्या मोज्यांचा संघ टोलेडोला प्रदर्शनीय सामन्यासाठी आला. मागची तीन वर्षे नॅशनल लीगचे अजिंक्यपद शिकागोकडेच होते. असा पाहुणा म्हणजे मैदान भरणार हे ठरलेले. त्यांचा कर्णधार एड्रियन अॅन्सन हा त्या युगातला बहुधा सर्वांत नामांकित खेळाडू. वॉकर मैदानात असेल तर आपण खेळणार नाही, असे त्याने बजावले. हा अॅन्सन दक्षिणेकडचा नव्हे, उत्तरेकडच्या आयोवा राज्यात जन्मलेला होता. वर्णद्वेष हा केवळ गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेचा रोग होता, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

खरी गंमत पुढे आहे. वॉकरचा हात दुखावलेला असल्यामुळे त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायचे आधीच ठरले होते. अॅन्सन गप्प राहता तर त्याच्या मनासारखे आपोआप झाले असते. पण धमकी ऐकून टोलेडोचा व्यवस्थापक चार्ली मॉर्टन चिडला. त्याने मुद्दाम वॉकरला उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षणाला उभे केले आणि अॅन्सनला सांगितले, खेळणार नसाल तर दाराशी जमलेल्या पैशातला तुमचा वाटा गेला. अॅन्सन खेळला. सामना शिकागोने जिंकला, पण पैशापुढे तत्त्व नमले हे सर्वांनी पाहिले. मॉर्टन थोर सुधारक होता असे मी म्हणणार नाही. आपल्या संघात कोणी खेळावे हे पाहुण्याने सांगू नये, एवढाच त्याचा बाणा असावा. कधी कधी तेवढाही पुरतो.

त्या हंगामात टोलेडोने लीगचे अजिंक्यपद पटकावले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा मोडीत काढला. खाणावळी, नाटकगृहे, वाहने यांत सर्वांना सारखा प्रवेश देणारा हा कायदा. खाजगी मालकांनी केलेल्या भेदभावाला संघराज्याचा कायदा हात लावू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. बेसबॉलचे संघ तर सगळे खाजगीच. दार बंद करायला आता कोणताही कायदा करण्याची गरज उरली नव्हती.

१८८४ साली अमेरिकन असोसिएशनने आपले संघ १२ पर्यंत वाढवले, त्यात टोलेडोचाही नंबर लागला, आणि वॉकर थोरल्या लीगमध्ये पोहोचला. कृष्णवर्णीय म्हणून उघडपणे तेथे खेळलेला तो पहिला. त्याचा धाकटा भाऊ वेल्डी हाही त्याच संघातून पाचसहा सामने खेळला. वॉकर ४२ सामने खेळला. त्याची फलंदाजीची सरासरी.२६३ होती, लीगच्या सरासरीपेक्षा चांगली. संघाची मदार टोनी मुलेन या पिचरवर होती. टोलेडोने जिंकलेल्या ४६ सामन्यांपैकी ३६ त्याच्या नावावर आहेत. या मुलेनने पुढे म्हाताऱ्या वयात सांगून टाकले की, वॉकरइतका चांगला कॅचर आपल्याला कधी मिळाला नाही, पण तो काळा असल्यामुळे आपण त्याच्या खुणा मानत नव्हतो. कोणता चेंडू येणार हे पिचरने कॅचरला कळू द्यायचे नाही! ५० फुटांवरून येणारा चेंडू आणि उघडे हात यांची आठवण ठेवून या कबुलीचा अर्थ लावावा.

हंगामाच्या मध्यावर वॉकरची बरगडी मोडली. सप्टेंबरात रिचमंडहून, म्हणजे एके काळच्या दक्षिणी बंडखोरांच्या राजधानीतून, मॉर्टनला पत्र आले : वॉकर मैदानावर दिसला तर ७५ माणसे त्याच्यावर चालून जातील. पत्राखालची नावे बनावट निघाली. टोलेडोचा संघ तेथे खेळायला गेला तेव्हा वॉकर संघात नव्हता. दुखापतीमुळे त्याला आधीच मोकळे करण्यात आले होते. शिकागोनेही या वर्षी शहाणपण शिकून घेतले होते. मैदानावर भांडण्याऐवजी, सामना ठरवतानाच वॉकर खेळणार नाही अशी हमी त्यांनी पत्राने मागितली. वॉकर त्या सामन्यात खेळला नाही. माझ्या मते उघड धमकीपेक्षा हा पत्रव्यवहार अधिक भयंकर आहे. धमकीला मॉर्टनसारखा माणूस उत्तर देऊ शकतो. टपालाने आलेली सभ्य विनंती कार्यालयातल्या फायलीत जाते आणि तिचाच रिवाज होतो.

टोलेडो आठव्या क्रमांकावर राहिला. असोसिएशनने संघ पुन्हा आठवर आणले तेव्हा त्याला वगळले. १८८५ साली तो पुन्हा धाकट्या लीगमध्ये गेला आणि त्याच वर्षी मोडला.

बाकीची हकीकत थोडक्यात. १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या चालकांनी ६ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, कृष्णवर्णीयांशी यापुढे नवे करार करायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी बारगळलेला ठराव येथे वेगळ्या लीगमध्ये मंजूर झाला. त्याच दिवशी नेवार्कला अॅन्सनचा संघ आला होता. नेवार्कचा कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्ही ‘आजारी’ असल्याचे जाहीर झाले. १८८८ साली ओहायोकडच्या एका लीगने कृष्णवर्णीयांना घेण्याची मुभा देणारा नियम काढून टाकला, तेव्हा वेल्डी वॉकरने लीगच्या अध्यक्षाला खुले पत्र लिहिले. ते ‘स्पोर्टिंग लाइफ’ या पत्रात छापून आले. माणूस घेताना त्याची बुद्धी, वागणूक आणि खेळ पाहा, हे त्याचे मागणे. याहून कमी काय मागायचे?

थोरला भाऊ १८८९ पर्यंत सिरॅक्यूजकडून खेळला. पुढे त्याने गावात नाटकगृह चालवले. १९०८ साली त्याने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ओबर्लिनला गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मांडीला मांडी लावून शिकलेल्या या माणसाचे त्यातले मत असे की, दोन्ही वंशांना एकत्र नांदता येणार नाही. कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत निघून जावे. तो स्वतः मात्र गेला नाही. १९२४ साली क्लीव्हलँड येथे तो वारला. ब्रुकलिनच्या संघातून जॅकी रॉबिन्सन थोरल्या लीगच्या मैदानावर उतरायला त्या वेळी अजून २३ वर्षे अवकाश होता.