‘तार’ आणि ‘बिनतारी’ : वारणेच्या दोन नावांविषयी

कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याभोवतालच्या ७० गावांत संगणक पोहोचावा, उसाचे उत्पादन व खताची उचल यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्यामागील हेतू. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातील संगणकाचे काम मोबाईलवरील लघुसंदेशांकडे सोपविले आणि प्रयोगाला नाव दिले ‘वारणा अनवायर्ड’. खर्च घटला; शेतकऱ्यांनाही नवी पद्धत अधिक पसंत पडली.

या दोन नावांतील विरोध वरवर तंत्राचा वाटला, तरी त्याची मुळे भाषेत आहेत. इंग्रजी ‘वायर्ड’ म्हणजे केवळ तारेने जोडलेले नव्हे, तर जगाशी संपर्क असलेले. मराठी ‘तार’ला हा अर्थ कधी चिकटला नाही. ती वाद्याची, नंतर टपाल कचेरीची. आणि दारी आली की घरातल्यांच्या काळजात धस्स करणारी. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. ‘बिनतारी’ हा शब्द बहुतांशी पोलिसांच्या संदेशयंत्रणेपुरता राहिला. हिंदीने ‘बेतार’ घडविताना फारसी उपसर्ग घेतला. मराठीचा ‘बिन’ ‘विना’शी नाते सांगतो. दोन्ही शब्द वस्तूची ओळख तिच्यात नसलेल्या गोष्टीवरून करून देतात.

प्रत्यक्षात ही उणीव अर्धीच असते. कचेरीतील ईथरनेट केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात. शंभर मीटरपर्यंतची ती वाट एकाच यंत्राची असते. घरातील वाय-फायवर मात्र एका वाहिनीवरची यंत्रे बहुधा आळीपाळीने बोलतात, आणि भिंत आड आली की संदेश क्षीण होतो. शिवाय राउटर स्वतः बहुधा केबललाच जोडलेला. ‘अनवायर्ड’ वारणेतही संदेश स्वीकारणारा फोन संगणकाला जोडावाच लागला होता.

लघुसंदेशात १४० बाइट मावतात : रोमन लिपीत १६० चिन्हे, देवनागरीत, युनिकोडच्या हिशेबाने, अवघी ७०. मात्रा व हलन्तचिन्हही स्वतंत्र मोजले जाते, म्हणून ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरी शब्द सात जागा अडवितो. तारेचे पैसे शब्दांवर आकारले जात. तिने वाक्यातून क्रियापदे गाळायला लावली. लघुसंदेशाने मराठी वाक्य बरेचसे शाबूत ठेवले, पण त्याला रोमन लिपीकडे ढकलणाऱ्या कारणांत हा हिशेबही होता.