शिसं घरात शिरतं कसं?

बंगळुरूच्या राजाजीनगरात औद्योगिक वसाहत आणि राहती घरं अगदी शेजारी-शेजारी आहेत. अशा वस्तीत बॅटरी, झाळकाम किंवा रंगकाम करणाऱ्याच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरी येऊ शकते. रांगणारं मूल फरशीवर हात टेकवतं, तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. अंगात लोह कमी असेल तर आणखीच.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. त्यामुळे शिसं मेंदूत सहज शिरतं आणि पेशींच्या जोडण्या घडण्याच्या वयातच त्यांचं संदेशवहन बिघडवतं. बुद्ध्यांक घटतो, लक्ष टिकत नाही. उरलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुरतं आणि गरोदरपणी आईच्या हाडांतून सुटून वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचतं. सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बंगळुरूच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. थुप्पिल वेंकटेश १९९० च्या दशकाअखेर मोठ्या शहरांतल्या मुलांच्या रक्ततपासणीत सहभागी होते. निम्म्याहून अधिक मुलांत डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं निघालं. शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. घरगुती रंगांवर ९० पीपीएमची मर्यादा लागू व्हायला मात्र २०१७ उजाडलं.

म्हणून जुन्या रंगाच्या भिंती कोरड्या घासू नयेत. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. शंका असेल तर मुलाच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी.