फवारणीची गाडी तुळजापूरला नेण्याआधी सीट बघा



सोयाबीनची फवारणी उरकली, रास व्हायला अजून वेळ आहे आणि मधी नवरात्र आलंय. ज्या गाडीतून ऑगस्टमध्ये पंप आणि औषधाच्या बाटल्या शेतात गेल्या, त्याच गाडीत आता बायका-पोरं बसवून तुळजापूरला जायचं. म्हणून आजचा मेसेज पिकाचा नाही, गाडीच्या कापडी सीटचा आहे. मोठा आहे, पण पूर्ण वाचा.

नुसती धूळ, चिखल, घाम असेल तर काम सोपं आहे. चिखल ओला असताना चोळू नका, वाळू द्या आणि ब्रशने झाडून काढा. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर कपडे धुवायचं लिक्विड टाकून फेस करा. सीटला फक्त फेस लावायचा, पाणी नाही. डागाच्या बाहेरून आत मऊ ब्रश फिरवा, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि चारी दारं उघडी ठेवून दिवसभर वाळवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पाइपने सीट धुण्याची लई जणांना सवय आहे, ती सोडा. पाणी आतल्या फोममध्ये जातं, चार-चार दिवस वाळत नाही, बुरशी येते. शिवाय बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखाली एअरबॅगच्या आणि बेल्टच्या वायरी असतात.

आता खरा विषय. सीटवर औषध कसं येतं? बाटली फुटून क्वचितच येतं. रोज थोडं थोडं येतं. पाठीवरचा पंप गळतो, शर्ट मागून भिजतो, पँट गुडघ्यापर्यंत ओली असते आणि आपण तसंच गाडीत बसतो. रेग्झीनची सीट असली तर वरचं वर पुसून निघतं. कापडी सीट मात्र पिऊन घेते. सीझनमध्ये दहा वेळा असं बसलं तर दहा वेळचं औषध ड्रायव्हर सीटच्या पाठीत साठतं.

पिकावर मारलेलं औषध ऊन, पाऊस, वारा आणि जिवाणूंमुळे हळूहळू उतरतं. म्हणून तर लेबलवर फवारणी आणि काढणीमध्ये किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तो हिशोब सीटला लागू पडत नाही. सीटच्या आत ना ऊन जातं ना पाऊस. तिथलं औषध पानावरच्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. गाडी काचा लावून उन्हात उभी राहिली की आत गरम होऊन काही औषधांची वाफही निघते.

"आता वास येत नाही, म्हणजे गेलं" असं समजू नका. क्लोरपायरीफॉससारख्या तेलकट औषधाचा उग्र वास बराचसा त्यातल्या द्रावकाचा असतो. द्रावक उडून गेलं तरी विष मागं राहू शकतं. इमामेक्टिनच्या दाण्यांना तर फारसा वासच नाही. गाडीत सुगंधी डबी लावून काही साफ होत नाही, फक्त आपलं नाक फसतं.

औषध सांडलंच तर गाडी थांबवा, सगळ्यांना खाली उतरवा, दारं उघडा. हातात रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. कापडी मोजे नकोत, ते स्वतःच औषध पितात. तोंडाला मास्क लावा. सांडलेल्यावर कोरडी माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाका आणि वरून दाबा. चोळू नका, चोळलं की आणखी खोल जातं. दहा-पंधरा मिनिटांनी ते सगळं जाड पिशवीत भरा. पावडर सांडली असेल तर झाडू मारू नका, घरचा व्हॅक्यूमही लावू नका, धूळ उडून नाकात जाईल. ओलसर फडक्याने टिपून घ्या. मग साबणाच्या फेसाने तीन वेळा टिपा, दर वेळी नवीन फडकं घ्या. ती फडकी परत वापरायची नाहीत. पेट्रोल, डिझेल, थिनर लावू नका. त्याने औषध विरघळून आत उतरतं आणि आग लागायची भीती वेगळीच. ब्लीचिंग आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र तर कधीच करू नका, विषारी वायू तयार होतो.

तेलकट औषध भरपूर सांडून फोमपर्यंत गेलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, धुण्यात वेळ घालवू नका. कव्हर आणि फोम दोन्ही बदला. तोपर्यंत त्या सीटवर लेकरू बसवू नका. लहान मूल सीटला तोंड लावतं, त्यावर पडलेलं बिस्किट उचलून खातं. त्याचं वजन कमी, म्हणून आपल्याला न जाणवणारी मात्राही त्याला बाधू शकते.

एकाच वाहनात औषध आणि खाणं ठेवल्याने काय होतं ते देशाने बघितलंय. १९५८ साली केरळात शंभरावर माणसं दगावली. जहाजात पॅराथिऑन या कीटकनाशकासोबत आलेल्या खाद्यवस्तूंत ते विष मिसळलं होतं. त्यानंतरच १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. आपल्याकडे २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथं विष पोटातून नाही, श्वासातून आणि कातडीतून अंगात गेलं होतं. ओल्या शर्टाने आणि भिजलेल्या सीटने होतं ते हेच, फक्त हळू.

पुढं तुरीवर अळीची फवारणी येतेय. तेव्हा ड्रायव्हर सीटवर रेग्झीनचं किंवा जाड प्लास्टिकचं कव्हर टाका, रोज पुसा. घरचा जुना टॉवेल टाकून भागत नाही, तो भिजून खाली सोडतो. बदलायचे कपडे पिशवीत न्या, शेतातच हातपाय साबणाने धुऊन कपडे बदला, मगच गाडीत बसा. बाटल्या झाकणाच्या प्लास्टिक टबात उभ्या ठेवून डिक्कीत किंवा पिकअपच्या मागच्या भागात न्या. किराणा, पेंड त्यांच्याजवळ नको.

साफ करताना औषध अंगावर उडालं तर कपडे लगेच काढा आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर नुसत्या स्वच्छ पाण्याने तेवढाच वेळ धुवा. मळमळ, गरगरणं, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्याची बाहुली बारीक होणं, हातपाय थरथरणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. डॉक्टरला नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो. दूध पाजणं, उलटी करवणं असले घरगुती उपाय करू नका.

काढलेला फोम आणि फडकी जाळू नका, धूर विषारी असतो. तो फोम गोठ्यात किंवा कुत्र्याला बसायलाही टाकू नका. वस्ती, विहीर आणि ओढ्यापासून लांब खड्डा करून पुरून टाका.

– कृषी सल्लागार, जळकोट