देशाच्या प्रगतिपुस्तकात आपला दर्या कुठे आहे?



‘शाश्वत विकास ध्येये’ हा शब्द हल्ली सरकारी कार्यक्रमांत सारखा ऐकू येतो. आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटेल. पण संबंध आहे, म्हणून हे लिहितोय.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी १७ ध्येये ठरवली. मुदत २०३० पर्यंत. त्यातलं १४ वं ध्येय समुद्र आणि मासळीचं, म्हणजे थेट आपलं.

आपल्याकडे नीती आयोग याचे शंभरपैकी गुण देतो. २०१८ मध्ये देशाला ५७ मिळाले होते, २०२३-२४ मध्ये ७१ झाले. गोव्याला तर ७७, पहिल्या काही राज्यांत नंबर. चांगलीच गोष्ट आहे. पण या एकूण गुणांत १४ वं ध्येय धरलेलंच नाही! समुद्रकिनारा नऊच राज्यांना आहे, सगळ्या राज्यांची तुलना होत नाही, म्हणून त्याचे गुण वेगळे दाखवतात. हिशेब म्हणून ते ठीक असेल. पण पेपरात बातमी ७७ ची येते आणि दर्याचा विषय मागे राहतो.

दुसरा आकडा उत्पादनाचा. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे १७५ लाख टन मासळी झाली, तोपर्यंतची विक्रमी. त्यातली साधारण तीन चतुर्थांश तळी, नद्या, शेततळी यांतली. समुद्राची फक्त ४४ लाख टनांच्या आसपास. त्यामुळे ‘मासळी वाढली’ ही बातमी खरी, आणि ‘आमच्या जाळ्यात काही नाही’ हेही खरं असू शकतं.

तिसरा आकडा साठ्यांचा. जगात १९७४ मध्ये ९० टक्के साठे सुरक्षित पातळीवर होते, २०२१ मध्ये ६२.३ टक्के उरले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये १३५ साठे तपासले, त्यातले ९१.१ टक्के निरोगी निघाले. दिलासा आहे. पण साठा निरोगी आहे म्हणजे ती मासळी रापणीला मिळाली की ट्रॉलरला, हे त्यातून कळत नाही.

तेवढ्यासाठीच १४ व्या ध्येयात ‘१४-ब’ हे कलम आहे: लहान मच्छीमाराला समुद्रात आणि बाजारात हक्काची जागा मिळाली पाहिजे. इथे तीन गोष्टी बघतात. लहान मच्छीमारांसाठी कायदा-धोरण आहे का? त्यांच्यासाठी प्रत्यक्ष काही काम चालू आहे का? आणि निर्णय घेताना त्यांना विचारतात का? उत्तरं देशाचं सरकारच भरून देतं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. कागदावर नियम आहे. रात्री दर्यात उजेड दिसतो का, ते मात्र आपल्यालाच माहीत.

मग आपण काय करायचं?

१) जेटीवर किंवा किनाऱ्यावर मासळीची नोंद घ्यायला माणूस आला की खरं सांगा. सगळ्या होड्या मोजत नाहीत, थोड्या होड्यांवरून अख्ख्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. आपण कमी-जास्त सांगितलं की आकडा तिथेच चुकला.

२) होडी लहान असली तरी नोंदणी करा. नोंद नाही ती होडी सरकारी हिशेबात नाहीच.

३) घरात एक वही ठेवा: तारीख, कुठली मासळी, किती किलो, किती डिझेल, काय भाव. बाजारात बसणाऱ्या आया-बहिणींनी भावाची बाजू लिहावी.

उद्या बैठकीत ‘मासळी कमी झाली’ असं नुसतं बोललो तर ती तक्रार होते. पाच वर्षांच्या वह्या टेबलावर ठेवल्या तर तो पुरावा होतो. २०३० फार लांब नाही. देशाचे गुण वाढोत, आपल्यालाही आनंदच आहे. पण त्या गुणांत आपली होडीही मोजलेली असावी, एवढंच आपलं मागणं.

वाचून झाल्यावर आपल्या वाड्यावरच्या ग्रुपवर पुढे पाठवा.